प्रोसेसर धावतो किती, झोपतो किती: फोनच्या बॅटरीचा हिशोब

‘फोनचा स्पीड कमी करून टाक, बॅटरी दुप्पट टिकेल’ हा सल्ला मी एकदा शब्दशः पाळला होता. जुना अँड्रॉइड फोन रूट केला, म्हणजे कंपनीने लावलेली कुलपं काढून त्याचा पूर्ण ताबा घेतला, प्रोसेसरचा वेग हातात देणारं ॲप टाकलं आणि कमाल वेग सगळ्यात खालच्या पायरीवर बांधून ठेवला. पुढचे दोन दिवस फोन मुंगीच्या पावलाने चालला. यादी वर सरकवली की अडखळायची. कॅमेरा उघडेपर्यंत समोरचा क्षण निघून जायचा. वेबपेज पूर्ण दिसेपर्यंत स्क्रीन उगाच उजळलेली राहायची. आणि संध्याकाळी बॅटरी बघितली, तर आकडा रोजच्यापेक्षा जेमतेम चार-पाच टक्के वर. एवढा त्रास सोसून हाती एवढंच का लागलं, हे समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं. जे समजलं ते इथे मांडतो, कारण तो सल्ला आजही तितक्याच खात्रीने दिला जातो आणि लोक स्वतःचा चांगला फोन उगाच मंद करून बसतात.

सुरुवात चिपच्या आतून करू. प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेवर चालणारा इवलासा स्विच. तो ‘०’ वरून ‘१’ वर जातो तेव्हा त्याच्या पुढच्या तारेत थोडासा विद्युतभार भरावा लागतो, आणि परत ‘०’ वर येताना तो भार सोडून द्यावा लागतो. एक छोटं भांडं भरायचं, ओतून टाकायचं, पुन्हा भरायचं, असा हा प्रकार. ओतलेलं पाणी परत मिळत नाही, ते उष्णता होऊन जातं. फोन हाताला गरम लागतो तो बराचसा यामुळेच.

आता हे भरणं-ओतणं सेकंदाला किती वेळा होऊ शकतं, तो झाला प्रोसेसरचा वेग. २ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २ अब्ज ठोके. वेग दुप्पट केला तर भांडी दुप्पट वेळा भरली जातील, वीज दुप्पट लागेल. इथपर्यंत सगळं सरळ आहे. शिवाय काम निम्म्या वेळात संपेल, म्हणजे एका कामामागचा एकूण खर्च तेवढाच राहायला हवा. वेगाचा संबंध इतकाच असता, तर फोन हळू चालवून काहीच वाचलं नसतं.

खरी गोम व्होल्टेजमध्ये आहे. व्होल्टेज वाढवलं की प्रत्येक भांड्यात भार जास्त मावतो, आणि तो जास्त उंचीवर चढवावाही लागतो. म्हणजे वाढ दोन ठिकाणी लागू होते. म्हणून वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज दीडपट झालं, तर खर्च दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो.

मग व्होल्टेज कमीच का ठेवत नाहीत? कारण वेगाला ते लागतं. प्रत्येक ठोक्याच्या आत स्विचला एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन स्थिर व्हावं लागतं. ठोके जवळजवळ आले की त्याला वेळ कमी मिळतो, आणि कमी वेळात उलटायचं तर मागून जोर जास्त हवा. तो जोर म्हणजे व्होल्टेज. जोर कमी पडला तर पुढचा ठोका येतो तेव्हा आधीचं उत्तर अजून तयारच नसतं, आणि गणित चुकतं. फोन गोठतो, नाहीतर आपोआप बंद होऊन सुरू होतो. म्हणून चिप बनवणारे प्रत्येक वेगासाठी त्याला पुरेल एवढं व्होल्टेज ठरवून देतात. वेग आणि व्होल्टेजच्या अशा जोड्यांच्या पायऱ्या असतात आणि फोन दिवसभर त्यावर चढ-उतार करत असतो. खालच्या पायऱ्यांवर व्होल्टेज फारसं बदलत नाही, वरच्या पायऱ्यांवर मात्र झपाट्याने वाढतं. शेवटच्या दहा-वीस टक्के वेगाची किंमत सगळ्यात जास्त असते ती यामुळे.

एक हिशोब करून बघू. आकडे समजायला सोपे म्हणून मी धरलेले आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संबंध खरा आहे. समजा एका कामाला ६ अब्ज ठोके लागतात. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झवर आणि ०.६ व्होल्टवर चालला, तर ०.३ वॉट खातो. काम ६ सेकंदांत होतं. एक वॉट एक सेकंद वापरला की एक ज्यूल, म्हणजे खर्च १.८ ज्यूल. तोच प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर न्यायला १ व्होल्ट लागतं असं धरू. वेग तिप्पट आणि व्होल्टेजचा वर्ग जवळपास पावणेतीन पट, म्हणून वीज २.५ वॉट. काम २ सेकंदांत उरकतं, खर्च ५ ज्यूल. काम तेच, खर्च पावणेतीन पटींहून जास्त. इथे थांबलो तर ‘स्पीड कमी कर’ म्हणणारा माणूस जिंकला.

पण प्रोसेसर काम करतो तेव्हा एकटा जागा नसतो. मेमरी जागी असते, चिपमधले जोडरस्ते जागे असतात, तुम्ही समोर वाट बघत असाल तर स्क्रीनही चालू असते. या सगळ्या गोतावळ्याचा खर्च १ वॉट धरू. आता हळू चालताना ६ सेकंदांचे ६ ज्यूल वाढले, बेरीज ७.८. जोरात धावताना फक्त २ ज्यूल वाढले, बेरीज ७. पारडं फिरलं! आणि मधली पायरी बघा. २ गिगाहर्ट्झला ०.७५ व्होल्ट लागलं, तर वीज साधारण ०.९४ वॉट, वेळ ३ सेकंद, प्रोसेसरचे २.८ आणि गोतावळ्याचे ३, मिळून ५.८ ज्यूल. सगळ्यात स्वस्त.

माझ्या त्या दोन दिवसांच्या प्रयोगात काय झालं ते या तीन ओळींत आहे. प्रोसेसरचे ज्यूल मी नक्कीच वाचवले, आणि ते स्क्रीन जास्त वेळ जागी ठेवण्यात घालवून बसलो. फोन अगदी रांगत ठेवणं महाग पडतं, सारखा टिपेला ठेवणंही महाग पडतं. आणि जिथे सगळ्यात स्वस्त पडतं ती मधली जागा प्रत्येक कामासाठी वेगळी असते. स्क्रीन बंद असताना मागे चाललेलं बारीकसारीक काम हळू झालं तरी चालतं, कारण कुणी वाट बघत नसतं. तुम्ही बोट टेकवून उभे असाल तेव्हा पटकन उरकणं बरं.

ही जागा सेकंदाला शेकडो वेळा नव्याने ठरवावी लागते, आणि ते माणसाच्या हातचं काम नाही. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आहे. त्यात हे ठरवणाऱ्या भागाला गव्हर्नर म्हणतात. जुने गव्हर्नर ठरावीक वेळाने डोकावून प्रोसेसर किती व्यग्र होता ते बघायचे आणि त्यावरून पायरी बदलायचे. त्यामुळे निर्णय नेहमी थोडा उशिरा व्हायचा. २०१६ साली लिनक्सच्या ४.७ आवृत्तीत ‘शेड-यूटिल’ नावाचा गव्हर्नर आला. कोणतं काम कधी आणि कुठे चालवायचं हे ठरवणाऱ्या शेड्युलरकडूनच तो माहिती घेतो, त्यामुळे कामाचा अंदाज त्याला लगेच मिळतो. तुम्ही जुन्या फोनवर ‘परफॉर्मन्स’, ‘पॉवरसेव्ह’, ‘ऑनडिमांड’ असे पर्याय बघितले असतील, तेही असेच वेगवेगळे गव्हर्नर. पहिला कायम टिपेवर, दुसरा कायम तळाला, तिसरा गरजेनुसार. मी माझा फोन बांधून ठेवला म्हणजे या यंत्रणेचे हातच बांधले होते.

पायऱ्यांच्या जोडीला दुसरी युक्ती म्हणजे वेगवेगळ्या ताकदीचे कोअर. कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक प्रोसेसर. २०११ साली प्रोसेसरचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीने ‘बिग-लिटल’ नावाची मांडणी जाहीर केली. तिच्यात ताकदवान कॉर्टेक्स-ए१५ आणि काटकसरी कॉर्टेक्स-ए७ असे दोन प्रकारचे कोअर एकाच चिपमध्ये बसवले होते. मोठा कोअर पुढच्या सूचना आधीच वाचून ठेवतो, त्यांचा क्रम बदलतो, निर्णय कुठल्या बाजूला जाईल याचा अंदाज बांधून काम सुरूही करतो. या सगळ्या खटाटोपाला जास्त ट्रान्झिस्टर लागतात, आणि अंदाज चुकला की केलेलं काम वाया जातं. छोटा कोअर आला त्या क्रमाने मुकाट्याने काम करत जातो. गाणं वाजवायला, मेसेज आला का ते बघायला, पावलं मोजायला तो पुरेसा आहे. आठ कोअरचा फोन म्हणजे आठही सतत राबतात असा गैरसमज मी अनेकांकडून ऐकला आहे. फोन नुसता हातात धरून वाचत बसलात तर बहुतेक वेळ मोठे कोअर झोपलेले असतात.

झोपेचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका त्याबद्दलच कमी बोललं जातं.

१९७४ साली रॉबर्ट डेनार्ड हे अभियंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवत नेलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. पुढची तीस वर्षं चिप बनवणाऱ्यांचं त्यावर भागलं. २००५ च्या आसपास ही सोय संपत आली, कारण ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांच्यातून वीज झिरपू लागली. गळका नळच तो, तोटी बंद केली तरी थेंब पडतच राहतात. एक थेंब नगण्य, पण अब्जावधी नळांचे थेंब रात्रभर पडले तर टाकी निम्मी होते. म्हणून नुसते ठोके थांबवून भागत नाही, त्या भागाचा वीजपुरवठाच तोडावा लागतो. फोनचा प्रोसेसर रिकामा झाला की टप्प्याटप्प्याने झोपी जातो. आधी ठोके थांबतात, मग कोअरची वीज जाते, मग सगळ्या कोअरना सामाईक असलेली कॅश मेमरी, म्हणजे लागणारी माहिती हाताशी ठेवणारी चिपमधली छोटी मेमरी, तीही बंद होते. झोप जितकी गाढ, तितका जागं व्हायला वेळ आणि खर्च जास्त.

यावरून एक गोष्ट ओघानेच येते. एकदाच जागं होऊन दहा कामं उरकणं स्वस्त, आणि दहा वेळा जागं होऊन एकेक काम करणं महाग. मोबाइल डेटावर तर हे फारच जाणवतं. एखाद्या ॲपने दोन अक्षरांचा निरोप पाठवला, तरी पाठवून झाल्यावर फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही सेकंद जास्त वीज खात जागा राहतो. निरोपापेक्षा वाट बघण्याचाच खर्च मोठा होतो.

आता रात्रीचा हिशोब. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सरासरी ३.८५ व्होल्टने धरलं तर सुमारे १९ वॉट-तास. फोन व्यवस्थित झोपला आणि आठ तासांत २ टक्के उतरला, तर तो सरासरी ०.०५ वॉटपेक्षाही कमी खात होता. तोच फोन सकाळी १६ टक्के उतरलेला दिसला, तर खर्च आठपट. तोही कुणी हात न लावता. मध्यंतरी माझ्याकडे असंच होऊ लागलं. रात्री ७० टक्के ठेवलेला फोन सकाळी पन्नाशीत, आणि उशीजवळ किंचित कोमट. सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर उघडून बघितला, तेव्हा फोटोंचा बॅकअप घेणारं एक ॲप रात्रभर चालू होतं. अर्धवट कॉपी झालेली एक व्हिडिओ फाइल ते पुन्हा पुन्हा चढवायला बघत होतं, दर वेळी अपयशी होत होतं आणि पुन्हा सुरुवात करत होतं. फाइल काढून टाकली, दुसऱ्या सकाळी फोन ६७ वर. प्रोसेसरच्या वेगाला मी हातही लावला नव्हता.

अशा ॲपना फोन जागा ठेवायचा परवाना ज्या गोष्टीने मिळतो तिला अँड्रॉइडमध्ये वेकलॉक म्हणतात. ॲपने वेकलॉक घेतला आणि सोडायला विसरलं, तर स्क्रीन काळी असली तरी प्रोसेसर झोपू शकत नाही. २०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ ही सोय आली ती याला आवर घालायला. फोन चार्जरवर नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो काही काळ हललेला नसेल, तर सगळ्या ॲपची कामं अडवून ठेवायची आणि मधूनमधून थोडा वेळ दार उघडून एकदम उरकू द्यायची. फोन जितका जास्त वेळ पडून राहील तितकं हे दार उशिरा उशिरा उघडतं. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ ने खिशात हलणाऱ्या फोनसाठीही याची सौम्य आवृत्ती आणली. म्हणून एखादं ॲप ‘बॅटरीच्या निर्बंधातून मला वगळा’ अशी परवानगी मागतं, तेव्हा क्षणभर थांबून विचार करावा. गजराच्या किंवा तब्येतीवर लक्ष ठेवणाऱ्या ॲपला ती द्यायलाच हवी. खरेदीच्या ॲपला ती कशासाठी?

बॅटरी सेव्हर चालू केल्यावर नेमकं काय होतं, हेही यावरून कळेल. अनेक फोनमध्ये तो प्रोसेसरची वरची महागडी पायरी बंद करतो, पण बचतीचा मोठा वाटा इतर गोष्टींतून येतो. मागची कामं थांबतात, ईमेल आपोआप खेचणं बंद होतं, स्क्रीन लवकर मिटते, काही फोनमध्ये ५जी बंद होतं आणि स्क्रीनचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवायचं तो आकडा, ६० वर येतो. माझ्या मते हा पर्याय रोज वापरायलाही हरकत नाही. मेसेज थोडे उशिरा येतील एवढी तयारी मात्र हवी.

रिफ्रेश रेटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो प्रोसेसरला थेट कामाला लावतो. ६० हर्ट्झला एक चित्र तयार करायला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो, १२० हर्ट्झला त्याच्या निम्मा. म्हणजे कामं दुप्पट, आणि प्रत्येकाला मुदत निम्मी. मुदत पाळण्यासाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोघांनाही वरच्या पायरीवर जावं लागतं, आणि वरच्या पायरीवर व्होल्टेजचा वर्ग वाट बघत असतो. गेममध्येही हेच. फ्रेम रेटची मर्यादा ६० वरून ३० वर आणली तर खर्चात पडणारा फरक हाताला फोनच्या तापण्यातूनच कळतो. ज्या फोनची स्क्रीन चित्र स्थिर असताना आपोआप १० किंवा १ हर्ट्झपर्यंत उतरते, तिथे १२० चालू ठेवण्याचा तोटा बराच कमी होतो. अशा फोनवर मी ते बंद करत नाही.

स्क्रीनची प्रखरता हा वेगळा विषय, पण ती सोडून चालणार नाही, कारण उन्हात प्रोसेसरपेक्षा स्क्रीनच जास्त खाते. डार्क मोडचा फायदा ओलेड स्क्रीनलाच होतो, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद दिवा. एलसीडीत मागचा दिवा जळतच राहतो. रेंज नसलेल्या जागी रेडिओ टॉवरपर्यंत पोहोचायला जोर लावतो, तिथे फ्लाइट मोड सगळ्यात गुणकारी.

आणि एक सवय सोडावी असं मी कळकळीने सांगेन. अलीकडच्या ॲपची यादी उघडून सगळी ॲप झटकून टाकायची सवय. यादीत दिसणारं ॲप बहुतेक वेळा गोठलेलं असतं. ते मेमरीत आहे, पण प्रोसेसरला ते काही मागत नाही. मेमरी भरलेली असो वा रिकामी, तिला वीज जवळपास तेवढीच लागते. ते झटकलं की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून उभं करावं लागतं, आणि ॲप सुरू करणं हे असं काम आहे की त्यासाठी प्रोसेसर हमखास वरच्या पायरीवर जातो. अडकलेलं, बिघडलेलं ॲप जरूर बंद करा. बाकीची राहू द्या.

तापण्याचा मुद्दा बॅटरीशी दोन्ही बाजूंनी जोडलेला आहे. फोनला पंखा नसतो. चार-पाच वॉटच्या पुढे सतत उष्णता निघू लागली की तिला बाहेर जायला वाट पुरत नाही. चिप तापली की झिरपणारी वीज आणखी वाढते, म्हणजे तेच काम करायला गरम चिप थंड चिपपेक्षा जास्त खाते. म्हणून ठरावीक तापमानानंतर फोन स्वतःच वेग उतरवतो. गेम पहिली दहा मिनिटं सुरेख चालतो आणि मग अडखळतो, तो बहुधा यामुळे. चार्जिंगला लावून गेम खेळणं तर सगळ्यात वाईट, कारण चिपची आणि चार्जिंगची उष्णता एकदम बॅटरीवर येते. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. वेगाची खरी किंमत त्या दिवशीच्या टक्क्यांपेक्षा दोन वर्षांनंतरच्या बॅटरीत जास्त दिसते.

म्हातारी बॅटरी काय करते, हे २०१७ च्या डिसेंबरमध्ये जगभर चर्चेत आलं. जुन्या आयफोनचा वेग आपण सॉफ्टवेअरमधून उतरवतो, हे ॲपलने तेव्हा मान्य केलं. ग्राहक चिडले, आणि आधी न सांगितल्याबद्दल त्यांचं चिडणं योग्यच होतं. पण त्यामागचं तांत्रिक कारण खरं होतं. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला अडथळा वाढतो. प्रोसेसरने एकदम वरच्या पायरीवर उडी मारली की क्षणात मोठा प्रवाह मागितला जातो, आणि अशा बॅटरीचं व्होल्टेज त्या धक्क्याने खाली कोसळतं. मग ३० टक्के दिसत असतानाही फोन फटकन बंद पडतो. तसं होऊ नये म्हणून ती उडीच कापली होती. पुढे कंपनीने वॉरंटी संपलेल्या फोनची बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला, आणि सेटिंगमध्ये बॅटरीचं आरोग्य दाखवायला सुरुवात केली.

तेव्हा तीन-चार वर्षांचा फोन अचानक मंद झाला असेल, थंडीत किंवा २०-३० टक्क्यांवर बंद पडत असेल, तर नवा घेण्याआधी बॅटरीच्या आरोग्याचा तो आकडा बघा. तो ८० च्या बराच खाली गेला असेल तर बॅटरी बदलून घ्या. वेग बॅटरीमुळे कापला जात असेल, तर तोच प्रोसेसर पुन्हा आपल्या सगळ्या पायऱ्या चढू लागतो.